साखर पेठेतली पावलं

सुजया मगदूमचं काम जमिनीला कान लावून बसण्याचं होतं. पुण्याबाहेरच्या भूश्रवण केंद्रात तिला अकरा वर्षं झाली होती. पाळी पहाटेची. शहरं पुरती जागी झालेली नसतात, रस्त्यांवर वर्दळ नसते, तेव्हा जमिनीखालच्या नळातून पाणी कुठे झिरपतंय ते नीट ऐकू येतं. तो आवाज बारीक आणि सलग असतो, शिट्टी होण्याआधी कुकर करतो तसा. तो ऐकायचा, नकाशावर जागा दाखवायची आणि त्या शहराच्या पाणीपुरवठ्याला कळवायचं. बाकी जे ऐकू येईल ते फेकून द्यायचं.

बाकी पुष्कळ ऐकू यायचं. रस्त्याखालून इंटरनेटची तार जाते. ती काचेची असते, केसाएवढी बारीक. तिच्या एका टोकातून लेझरचा प्रकाश सोडला की बहुतेक सगळा पुढे निघून जातो, पण काचेतल्या सूक्ष्म उणिवांवर आपटून त्यातला थोडासा मागे परततो. वरची जमीन थरथरली की काच ताणली जाते. किती, तर केसाच्या जाडीच्या लाखाव्या हिश्शाइतकी. तेवढ्यानेही परतणाऱ्या प्रकाशात फरक पडतो, आणि तो फरक मोजता येतो. म्हणजे तारेचा दर चार मीटरांचा तुकडा एक कान झाला. पन्नास किलोमीटर तारेला बारा हजार कान. वेगळं काही पुरावं लागत नाही, कारण तार आधीच गावोगाव पुरलेली आहे. पूर्वी भूकंपवाले हे वापरत. मग पाण्याची टंचाई वाढली तशी गळती शोधायला ते कामी आलं.

केंद्राचे प्रमुख कदीर इनामदार नव्या लोकांना पहिल्या दिवशी सांगत, "यात नवीन काही नाही. हत्ती कित्येक कोसांवरच्या हत्तीची हाक पायांनी ऐकतो. वाळवंटातला विंचू वाळूच्या थरथरीवरून भक्ष्य कुठे आहे ते ओळखतो. माणसाने फक्त उशिरा शिकून घेतलं."

मग ते गंभीर होत. कारण जमीन पाण्याबरोबर पावलंही सांगते, आणि माणसाची चाल त्याच्या सहीसारखी असते. वजन, वेग, टाच आधी की चवडा, दोन पावलांमधलं अंतर, सगळं मिळून एकेकाचं वेगळं. म्हणून कायदा होता. पावलांची नोंद अठ्ठेचाळीस तासांत पुसायची. कुणाच्या चालीवरून त्याचा माग काढायचा नाही. चुकून काढलाच, तर तीस दिवसांच्या आत त्या माणसाला स्वतः जाऊन सांगायचं.

सुजयाने हा नियम अकरा वर्षांत कधी मोडला नव्हता. कोल्हापूर, सांगली, मिरज ही गावं तिच्याकडे होती. तिथली हजारो पावलं तिने रोज फेकून दिली. मिरज तर तिचं माहेरगाव. त्या गल्ल्यांतून एक ओळखीची चाल ऐकू येते का, म्हणून सुरुवातीला तिने कान टवकारले होते, हे मात्र खरं. ती आली नाही. पुढे तिने नाद सोडला.

फेब्रुवारीत सोलापूर ऐकणारी मुलगी बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि ते शहर सुजयाकडे आलं. दुसऱ्याच आठवड्यात, एका सोमवारी पावणेसातला, साखर पेठेतली एक शंका ती तपासत होती. तार रस्त्याच्या कडेने जात होती. नळ ठीक होता. ती कानांवरचा हेडफोन काढणार एवढ्यात तारेवरून एक माणूस चालत गेला.

एक पाऊल भरीव. दुसरं अर्धवट, आणि त्याच्यामागे टाच घासल्याचा आवाज. भरीव, अर्धवट, घास.

सुजयाचा हात हेडफोनवरच राहिला. माणूस कोपऱ्यापर्यंत गेला, पदपथाच्या कडेशी थांबला. डाव्या पायाचा चवडा त्याने दोनदा हलकेच टेकवला, पायाखालचा दगड पक्का आहे ना हे बघावं तसा. मग वर चढला.

तिने ते पुन्हा लावलं. अकरा वेळा लावलं. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, "मोठी गळती आहे का हो?"

"नाही," सुजया म्हणाली. "पाणी नाही."

*

भरतेश तिचा सख्खा भाऊ, चार वर्षांनी मोठा. मिरजेत त्यांचे वडील, आप्पा, एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. भरतेश पळायचा. सोळाशे मीटर. पोलीसभरतीची तयारी करत होता, आणि तालीम बघणारे लोक म्हणत की हा पोरगा यंदा लागतोच.

तो सुजयाला नाही नाही ते सांगायचा आणि विचारायचा, "खरं की थाप?" शुक्रावर दिवस वर्षापेक्षा मोठा असतो, खरं की थाप? ऑक्टोपसला तीन हृदयं असतात, खरं की थाप? दिवाळी अंकांतल्या विज्ञानकथा ती दोघं एकाच वेळी वाचत, एकाच अंकात डोकी घालून, आणि त्याचं पान आधी संपलं की तो तिच्यासाठी थांबायचा.

ती दहावीची परीक्षा देऊन मोकळी झाली त्या मे महिन्यात त्याने तिला स्कूटर शिकवायला घेतली. म्हैसाळ रस्त्यावर चौथ्या दिवशी समोरून ट्रक आला. ट्रक आपल्या बाजूने चालला होता, चूक त्याची नव्हतीच. सुजया घाबरली, तिने हँडल वळवलं आणि गाडी चरात गेली. तिला खरचटलं. मागे बसलेल्या भरतेशचा पाय गाडीखाली सापडला. दोन ऑपरेशनं झाली, पाय वाचला. मात्र तो दीड इंच आखूड झाला. तेव्हापासून कुठलीही पायरी चढण्याआधी तो डावा चवडा दोनदा टेकवून बघायचा.

दवाखान्यात आप्पांनी विचारलं, गाडी कोण चालवत होतं? सुजयाने तोंड उघडायच्या आत भरतेश म्हणाला, "मी."

ती गप्प राहिली. सोळा वर्षांची होती, एवढं सोडलं तर तिच्याकडे त्याला दुसरं उत्तर नाही. पुढची आठ वर्षं आप्पांनी त्याला त्या गाडीवरून ऐकवलं, आणि तीही आठ वर्षं गप्पच राहिली. एके दिवशी सकाळी भरतेश पिशवी घेऊन बाहेर पडला तो आलाच नाही. आप्पांनी ओळखीच्या ड्रायव्हर-कंडक्टरांकडे फोटो दिला, सगळे डेपो पालथे घातले. त्याचा पत्ता लागला नाही. याला आता वीस वर्षं झाली होती. आप्पा सहा वर्षांपूर्वी गेले. आई सुजयाबरोबर पुण्यात, आंबेगावच्या फ्लॅटमध्ये राहत होती.

सुजयाने लग्न केलं नाही. विचारणाऱ्यांना ती सांगे, जमलं नाही. ते काही अगदीच खोटं नव्हतं.

*

त्या चालीला तिने यंत्रात एक खूण दिली. आता रोज साखर पेठेतून तो निघाला की तिच्या पडद्यावर एक हिरवी रेघ उमटायची. अठ्ठेचाळीस तासांनी जे पुसायचं, ते ती एका वेगळ्या कप्प्यात ठेवू लागली.

जमीन बोलणं ऐकत नाही. पण पावलांवरून किती कळतं याची तिला या दोन महिन्यांत पहिल्यांदा कल्पना आली. सकाळी पावणेसातला तो घरातून निघतो. साडेनऊला पुन्हा निघतो आणि कन्ना चौकाकडे, शाळेचे गणवेश शिवायच्या कारखान्यांच्या दिशेने जातो. संध्याकाळी परत येतो तेव्हा टाच जास्त घासते, दिवसभर उभ्याने काम असणार. गुरुवारी त्याची सुट्टी. एका बुधवारी तो लगबगीने, जवळजवळ धावत गेला, आणि सुजया तिकडे पुण्यात खुर्चीच्या कडेवर येऊन बसली. दुसऱ्या दिवशी सगळं पहिल्यासारखं होतं. काय झालं होतं ते तिला कधीच कळलं नाही.

आणि सकाळच्या त्या फेरीत तो एकटा नसायचा, हेही तिच्या लक्षात आलं. चार घरं पुढे तो थांबे. मग त्याच्या शेजारी आणखी एक चाल सुरू होई. दोन हलकी पावलं आणि एक काठी. म्हातारं माणूस, वजनावरून बाई. मार्कंडेय मंदिरापर्यंत दोघं बरोबर जात, आणि त्याची चाल तिच्या मापाची होई. लांब पाऊल टाकणारा हा माणूस अर्धं अर्धं टाकत जायचा.

सुजयाला ते सहन होईना. घरी येऊन ती आईकडे बघायची. आई एकोणऐंशीची. गुडघ्यांनी बेजार, जिना उतरताना कठड्याला धरून एकेक पायरी उतरणारी. आणि तिकडे तो कुण्या परक्या म्हातारीला हात देऊन देवळात नेत होता.

"आज भाजी तिखट झाली काय?" आई विचारायची. "डोळ्यात पाणी कशाला?"

"झोप नाही झाली."

"पहाटेचं कामच वाईट," आई म्हणायची आणि तिच्या ताटात दही वाढायची.

सांगायचं, हे ती रोज ठरवायची. पण आधी खात्री करावी. आणि खात्री करायची तर सोलापूरला जावं. आणि गेल्यावर तो दार लावून घेईल. ऐकत होती तोवर तो रोज पावणेसातला येत होता, न चुकता. इतकी वर्षं काहीच नव्हतं, आता एवढं तरी होतं. एवढ्यावर माणूस जगू शकतं, असं तिला वाटायला लागलं.

सातव्या आठवड्यात इनामदारांनी तिला आपल्या खोलीत बोलावलं. त्यांच्यासमोर तिच्या त्या वेगळ्या कप्प्याची यादी उघडी होती.

"मगदूम, हे कोण?"

तिने सांगितलं. सगळं नाही. भाऊ आहे, हरवला होता, एवढं.

इनामदारांनी चष्मा पुसला. "सोलापूर दहा-बारा लाखांचं शहर आहे. अशी चाल असलेले दोनशे लोक निघतील."

"चवडा दोनदा टेकवणारे नाही निघणार, सर."

"बरं, तोच आहे असं धरू. मग अजून इथे काय करताय?"

इनामदारांनी खणातून एक छापील अर्ज काढून तिच्यासमोर ठेवला. ज्याचा माग काढला गेला त्याला द्यायचा तो अर्ज. "तीस दिवस कधीच उलटून गेले. मी वर कळवणार आहे, ते मला चुकवता येणार नाही. पण पुढच्या सोमवारी कळवतो. त्याच्या आत हा कागद त्याच्या हातात पडला, तर तुमची बाजू जरा बरी राहील." मग हळू आवाजात ते म्हणाले, "आणि कागदाचं सोडा. माझा भाऊ असता तर मी पहिल्या दिवशीच गाडीत बसलो असतो."

*

ती त्या दिवशीही गेली नाही. दुसऱ्या दिवशी पावणेसातला हिरवी रेघ उमटली नाही.

त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. सुजयाने यंत्राला सगळं शहर धुंडाळायला लावलं. काहीच नाही. तिसऱ्या दिवशी तिने साखर पेठेची तार स्वतः ऐकली. ठरल्या वेळी काठी आली. दोन हलकी पावलं, एक काठी. आणि शेजारी कुणाचीतरी चाल होती. सरळ, सारखी, धडधाकट माणसाची. भरीव, भरीव, भरीव. कुणी दुसराच म्हातारीला मंदिरात घेऊन चालला होता.

त्याच्या जागी दुसरं माणूस लागतं, म्हणजे तो नाही. आजारी पडला, की गाव सोडून गेला, की... पुढचा विचार तिने केला नाही. पाळी अर्धी टाकून ती उठली, घरी येऊन आईला म्हणाली, "कामासाठी सोलापूरला जाऊन येते," आणि मिळेल त्या बसमध्ये बसली.

रात्र तिने स्टेशनजवळच्या लॉजवर काढली. सकाळी साडेसहाला ती साखर पेठेत उभी होती. पडद्यावर जी गल्ली ती इंच इंच ओळखत होती ती प्रत्यक्षात अरुंद निघाली. दारांपुढे सडे घातलेले, आत कुठेतरी तेलुगू बातम्या चालू. नकाशावर या कशालाच जागा नव्हती.

काठीचा आवाज आला. हातमागाचं, लाल काठाचं जुनं लुगडं नेसलेली एक म्हातारी घराबाहेर आली. तिच्या डोळ्यांना दिसत नव्हतं हे तिच्या मान धरण्यावरूनच कळत होतं. तिच्या कोपराला धरून एक माणूस चालत होता. दाढी पांढरट, पोट किंचित सुटलेलं, चाल सरळ. डाव्या मांडीपासून घोट्यापर्यंत राखाडी रंगाचा पट्टा बांधलेला, आणि प्रत्येक पावलाला त्या पट्ट्यातून माशी घोंगावावी तसा बारीक आवाज येत होता.

सुजयाला त्या माणसाचा राग आला. हा कोण, आणि माझ्या भावाच्या जागी का? ती दोघांच्या मागून चालू लागली. हिला गाठून विचारावं, आधी तुमच्याबरोबर यायचे ते कुठे आहेत, अशी वाक्यं ती मनात जुळवत होती. मंदिराचं दार आलं.

"पायरी आहे, अक्का," तो माणूस म्हणाला. "तीन आहेत. सावकाश."

आवाज आप्पांचा होता. जसाच्या तसा, घशात किंचित अडकणारा.

सुजया रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. मागून आलेल्या रिक्षावाल्याने हॉर्न दिला तेव्हा त्या माणसाने वळून पाहिलं.

"दादा," ती म्हणाली.

त्याने म्हातारीचं कोपर सोडलं नाही. तो म्हणाला, "सुजी?"

"कोण आहे रे, भरत?" म्हातारीने विचारलं.

"माझी बहीण आहे, अक्का."

"बहीण?" म्हातारी त्या दिशेने मान वळवून म्हणाली, "तू तर कुणीच नाही म्हणून सांगितलास मला."

*

नरसम्मा त्याची घरमालकीण, त्याच्या खोलीपासून चार घरं पुढे राहणारी. विड्या वळून तिचे डोळे आणि बोटं दोन्ही गेली होती, मुलगा सुरतेला होता. तिला आत देवापुढे बसवून भरतेश बाहेरच्या कट्ट्यावर येऊन बसला. सुजया त्याच्यापासून हातभर अंतरावर बसली.

"आई?" त्याने विचारलं.

"आहे. माझ्याकडेच असते."

"आप्पा?"

तिने मान हलवली. "सहा वर्षं झाली."

तो समोर बघत राहिला. मंदिराच्या आवारात एक बाई कबुतरांना दाणे टाकत होती. ती पिशवी झटकून निघून गेली तरी तो बघतच होता.

"शेवटी सांगितलंस त्यांना? गाडीचं?"

"तू गेलास त्याच्या नवव्या दिवशी."

"म्हणजे माझं बोलणं वाया घालवलंस."

"दादा, मी..."

"राहू दे. काय म्हणाले?"

"काही नाही म्हणाले. निवृत्त होईपर्यंत रविवार आला की एकेका डेपोत जाऊन तुझा फोटो दाखवायचे. इथेही येऊन गेले होते. दोनदा."

त्याने तोंडावरून हात फिरवला. मग विचारलं, "तुला कुणी सांगितलं मी इथे आहे ते?"

मिरजेच्या कुणी पाहिलं, असं सांगता आलं असतं. बसमध्ये तिने तसं ठरवलंही होतं. पण तिने खरं सांगितलं. तार, काच, प्रकाश, पाऊल. तो मन लावून ऐकत होता, मध्ये एकदा त्याने प्रश्नही विचारला, तार किती खोल असते म्हणून. लहानपणीचा भरतेश क्षणभर तिला दिसला. मग त्याने विचारलं, "किती दिवस ऐकलंस?"

"दोन महिने."

"दोन महिने." त्याचा आवाज चढला नाही. "रोज?"

"रोज."

"आणि आली नाहीस."

"भीती वाटली."

"मी घर का सोडलं, ठाऊक आहे तुला?"

"आप्पा बोलायचे म्हणून. माझ्यामुळे."

"बोलण्याचं काही नव्हतं गं, ते सगळ्यांचेच बाप बोलतात." तो डाव्या पायावरच्या पट्ट्याकडे बघत म्हणाला, "मी मधल्या खोलीतून चाललो की घर ऐकायचं. आप्पांचा पेपर खाली यायचा. आई भाजी ढवळायची थांबायची. आणि तू, तुझा घास हातातच राहायचा. आठ वर्षं. मी पाण्याला उठलो तरी तिघं गप्प. मला वाटलं, हा आवाज या घरातून गेला तर तुम्ही तरी जेवाल." त्याने पट्टा जरा घट्ट केला. "इथे माझ्या चालण्याकडे कुणाचं लक्ष नसतं. नरसम्माला दिसत नाही, आणि कारखान्यात यंत्रांचा आवाज इतका की कुणाला काही ऐकू येत नाही. त्यासाठी मी इथे राहिलो. आणि तू माझ्या पायाखाली कान लावून बसलीस."

सुजया रडली नाही. रडण्याचा हक्क आपल्याला नाही असं तिला वाटलं. मग त्यानेच विचारलं, "मग आताच का आलीस?"

"तुझी चाल थांबली. नरसम्मांबरोबर दुसरं कुणी चालतंय असं ऐकू आलं. मला वाटलं, तू गेलास."

भरतेश पहिल्यांदा हसला. हा पट्टा सरकारी शिबिरात मिळाला, त्याने सांगितलं. आत छोटी मोटर आहे, ती आखूड पायाला वेळेवर उचलते आणि वेळेवर टेकवते. पहिला आठवडा बाहेर न घालता रात्री घरातच सराव केला. "अठ्ठावीस वर्षांनी सरळ चाललो, आणि तू मला मारूनच टाकलंस."

तिने पर्समधून अर्ज काढला. त्याने तो दोनदा वाचला. तक्रार करता येत होती. नाही तर नोंद पुसून घेता येत होती, तीही कायमची.

"पुसलं तर काय होतं?"

"तुझं नाव नकाराच्या यादीत जातं. जुनी चाल, पट्ट्याची चाल, दोन्ही. त्यानंतर तू तारेवरून गेलास तरी यंत्र तुला ऐकणार नाही. कुठल्याच शहरात."

"म्हणजे मी पुन्हा निघून गेलो तर तुला सापडणार नाही."

"नाही," सुजया म्हणाली.

त्याने खिशातला खडू काढला, कापडावर आखायचा, तो परत ठेवला आणि तिच्याकडे पेन मागितलं. नोंद पुसण्याच्या चौकटीत खूण करून त्याने सही केली. भरतेश आप्पासाहेब मगदूम. वीस वर्षं पुरं नाव लिहिलं नसावं, मधे तो अडखळला.

"घरचा नंबर दे," तो म्हणाला. "आईपाशी असतो तो दे."

"तुझा?"

"नको." मग तिच्या चेहऱ्याकडे बघून तो जरा मऊ झाला. "मी करीन, सुजी. कधी ते विचारू नकोस. आणि मला न्यायला कुणी यायचं नाही. तेवढं मला माझ्या पायांनी करू दे."

आतून नरसम्माने हाक मारली. तो उठला आणि सरळ, सारख्या पावलांनी आत गेला. बाहेर आल्यावर त्याने सुजयाला घरी चहाला ये म्हटलं नाही, पण गल्लीच्या तोंडापर्यंत तिघं बरोबर चालली. नरसम्माने सुजयाचा हात चाचपून बघितला आणि म्हणाली, "हात थंड आहे गं तुझा. काही खाल्लीस का नाही?"

*

आईला तिने त्याच दिवशी सांगितलं, काही न लपवता. आई भिंतीला टेकून ऐकत होती. मधेच तिने एवढंच विचारलं, "ती बाई चांगली आहे काय?"

"चांगली आहे."

"बरं झालं," आई म्हणाली. "कुणाची तरी आई सोबत होती."

सोमवारी इनामदारांच्या समोर बसून सुजयाने नोंद पुसली. आधी तो वेगळा कप्पा, दोन महिन्यांच्या सकाळी. मग खूण. शेवटी यंत्राने विचारलं, हे परत आणता येणार नाही, चालेल का? तिने दोनदा होकार दिला, कारण यंत्र दोनदा विचारतं. चौकशी झाली आणि तिला ऐकण्याच्या कामावरून काढून नकाशांच्या विभागात बसवलं. दिवसाची पाळी, कानाला काही नाही. पहिले काही दिवस पावणेसातला ती जागी असायची आणि काय करावं ते तिला सुचायचं नाही.

एप्रिल गेला, मे गेला. फोन आला नाही. आईने फोन उशाशी घ्यायला सुरुवात केली, आंघोळीला जाताना तो मोरीच्या बाहेर स्टुलावर ठेवायची. ती त्याबद्दल बोलत नसे. फक्त गणवेश घातलेली शाळेची पोरं रस्त्याने जाताना दिसली की त्यांच्या शर्टांच्या कॉलरकडे बघत राहायची.

भाद्रपदात दशलक्षण पर्व आलं. दहा दिवस आईने जमेल तसे उपास केले. पर्व संपलं की क्षमेचा दिवस. जैन घरांतून त्या दिवशी सगळ्यांना फोन जातात, वर्षभरात कळत-नकळत काही चुकलं असेल तर क्षमा करा म्हणून. सकाळपासून आई फोन घेऊन बसली होती. सांगलीची मावशी, इचलकरंजीचे मामा, मिरजेचे शेजारी. प्रत्येकाला "उत्तम क्षमा" म्हणायची, दोन शब्द इकडचे तिकडचे, की पुढचा फोन.

पाच वाजून गेल्यावर सुजयाने आईचं ताट वाढलं. आई सूर्य मावळल्यावर काही खात नसे. ताट ठेवून ती भाकरी आणायला वळली तेवढ्यात पुन्हा फोन वाजला. अनोळखी नंबर होता.

"उत्तम क्षमा," आई सवयीने म्हणाली. "कोण बोलतंय?"

आईचा मोकळा हात ताटाच्या कडेवर होता, तो तिथून हलला नाही. पलीकडून काही बोलणं चाललं होतं, घशात किंचित अडकणाऱ्या आवाजात. सुजयाला शब्द कळत नव्हते. दोन पावलं पुढे गेली असती तर कळले असते.

"जेवलास काय?" आईने विचारलं.

सुजयाने हातातली भाकरी डब्यात ठेवली. चपला पायात अडकवून ती बाहेर आली आणि तिने दार ओढून घेतलं, कडी वाजू नये इतकं हळू. एक मजला खाली उतरली. तिथेही वरच्या खिडकीतून आईचा आवाज येतोय असं वाटलं, म्हणून थेट खाली गेली आणि फाटकाबाहेर रस्त्यावर जाऊन उभी राहिली. कामावरून परतणारे लोक तिच्या बाजूने चालत जात होते. ती त्यांच्या चेहऱ्यांकडे बघत होती. बघता बघता समोरच्या इमारतींमागे सूर्य गेला आणि दिवे लागले.

ती वर आली तेव्हा फोन आईच्या मांडीवर होता. ताट जसंच्या तसं होतं, भाजीवर साय धरल्यासारखं तेल थिजलेलं.

"तू जेवलीच नाहीस," सुजया म्हणाली.

"उद्या जेवीन की," आई म्हणाली. तिने पदराने फोनची काच पुसली आणि तो सुजयाकडे दिला. "हा नंबर त्याच्या नावाने लिहून ठेव. मला ते येत नाही."